तालुक्याचा डॉक्टर तालुक्यातूनच यायला हवा

ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. पाठोपाठ १८ सप्टेंबरला, सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीला विरोध म्हणून ॲलोपॅथी डॉक्टरांनी काम बंद ठेवलं. कोण बरोबर, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पण दोन्ही वादांच्या मुळाशी दुखणं एकच आहे. खेड्यातल्या दवाखान्याला टिकणारी माणसं मिळत नाहीत.

कोल्हापूर या दुखण्याशी फार पूर्वीपासून झगडत आलं आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमलं. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर, आपला थोरला दवाखाना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. कोल्हापुरात रुजू होणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पुढे राजर्षी शाहूंनी आपल्याच राज्यात माणूस हेरला. संस्थानातल्या मुलींच्या शाळांची धुरा वाहणाऱ्या रखमाबाई केळवकरांची लेक, डॉ. कृष्णाबाई, यांना त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला धाडलं. परतल्यावर कृष्णाबाईंनी याच दवाखान्यात सेवा केली. माणूस निवडायचा, त्याच्या शिक्षणाचा भार उचलायचा आणि त्याची जागा राखून ठेवायची, ही महाराजांची रीत होती.

आज आपण नेमकं उलटं करतो. आधी जागा रिकामी होते, मग जाहिरात निघते. बंधपत्रावर आलेला एमबीबीएस डॉक्टर वर्षभराचा पाहुणा असतो. त्याचं चित्त नीट-पीजीच्या पुस्तकात, आणि त्यात त्याचा दोष नाही. दहा लाख रुपये भरून बंधपत्रातून सुटण्याची वाटही वर्षानुवर्षं खुली होती. तज्ज्ञांचं तर विचारायलाच नको. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असला, पण भूलतज्ज्ञ नसला, तर सिझेरियन होत नाही. अडलेल्या बाईला १०८ रुग्णवाहिकेत घालून सीपीआर गाठावं लागतं. चंदगडहून हा रस्ता शंभरेक किलोमीटरचा, म्हणून तिकडची माणसं बेळगाव जवळ करतात.

याला उत्तर आहे, आणि ते जपानने करून दाखवलं आहे. १९७२ साली तिथे जिची वैद्यकीय विद्यापीठ खास खेड्यांसाठी उभं राहिलं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडायचे, त्यांचं शुल्क सरकारने सोसायचं आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने साधारण नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० आणि २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण मुलांना प्रवेशात प्राधान्य द्या, असं सांगितलं आहे. तिथेच जन्मलेला, वाढलेला डॉक्टर तिथे राहण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा अनुभव.

परदेशाकडेच बघायला हवं असंही नाही. २००५पासून आशा सेविका गावातूनच निवडली जाते. मानधनासाठी तिला वारंवार रस्त्यावर उतरावं लागलं, तरी गावाने तिला कधी पाहुणी मानलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतल्या, नीट उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींसाठी राजर्षी शाहूंच्याच नावाने चालणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काही जागा राखाव्यात. शिक्षण मोफत असावं, सेवा दीर्घ असावी आणि सेवेनंतर पदव्युत्तर प्रवेशाची हमी असावी. परिचारिका आणि भूलतज्ज्ञांसाठीही हाच मार्ग काढावा. राहायला धड क्वार्टर आणि वेळेवर पगार, एवढं तरी सरकारने पाळलंच पाहिजे. एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं लागतात. निवड यंदा सुरू केली, तरच यातला पहिला डॉक्टर साधारण सहा वर्षांनी आपल्या तालुक्यात परतेल.