मुद्रणव्यवसायातील कामगारकपात : जुळाऱ्याच्या संदर्भात

शिशाच्या खिळ्यांची जागा ऑफसेट व संगणकीय अक्षरजुळणीने घेतली, तेव्हा प्रथम बेकार झाला तो जुळारी. उलटी अक्षरे सहज वाचण्याचे त्याचे कसब कळफलकापुढे निरुपयोगी ठरले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कपात केलेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देय होते. कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन मात्र किमान शंभर कामगारांच्या कारखान्यांवरच होते. तिसगाव-पाथर्डीसारख्या भागासाठी लग्नपत्रिका व हस्तपत्रके छापणाऱ्या दोन-चार माणसांच्या छापखान्याला ते कोठून लागू होणार? २०१७ मध्ये केंद्र सरकारने आपली १७ मुद्रणालये पाच ठिकाणी एकत्र करण्याचे ठरविले. त्यांत नाशिक एक होते. तेथे कामगारकपात होणार नाही, अशी ग्वाही त्या निर्णयातच होती. खासगी जुळाऱ्याची नोकरी बहुधा मालकाच्या हजेरीवहीतच संपली.