इटालियन क्रियापदांतील आघात

इटालियन शब्दांत आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर असतो. परंतु क्रियापदांत केवळ अक्षरे मोजून त्याचे स्थान ठरविता येत नाही. ‘पार्लारे’ (बोलणे) याच्या वर्तमानकाळी ‘पार्-लो’ (मी बोलतो) या रूपात आघात धातूवर, तर ‘पार्-ल्या-मो’ (आम्ही बोलतो) यात प्रत्ययावर पडतो. तृतीयपुरुषी अनेकवचनाचा ‘-नो’ मात्र आघात हलवीत नाही. म्हणून ‘पार्-ला-नो’ यात तो आद्याक्षरावर, आणि ‘ते-ले-फो-ना-नो’ (ते दूरध्वनी करतात) यात शेवटून चौथ्या ‘ले’वर राहतो. ‘पार्लो’चा आघात अन्त्याक्षरावर नेल्यास ‘तो बोलला’ असा अर्थ होतो. लेखनात आघातचिन्ह अनिवार्य असते ते अशा अन्त्य आघातापुरतेच. अन्यत्र शब्दघटना जाणूनच अभ्यासकाने उच्चार ठरविला पाहिजे.