खाटेवर बाळंतीण, स्टुलावर सरकार

बाळंतिणींच्या वॉर्डात, आमच्या भाषेत पीएनसीत, प्रत्येक खाटेजवळ एक लोखंडी स्टूल असतं. नव्यानं लागलेल्या सिस्टरला वाटतं, आपली पेशंट खाटेवर आहे. थोड्या नाइट काढल्या की तिला उमगतं: गोळी खाटेवरची घेते, निर्णय स्टुलावरची. आमच्या मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे सुरुवातीला स्टुलावर आई असते. मग सासू येते आणि सरकार बदलतं. आईला पटवून झालेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून पटवायचं. म्हणून ड्यूटी बदलताना आम्ही बीपी, टाके, बाळाचं वजन सांगतोच, पण जाता जाता हेही सांगतो, "सहा नंबरची सासू आलीय, बघून घे."

प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास सगळ्यात दगाबाज. लेबर रूममध्ये ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दिलेलं असतं, वार पूर्ण पडलेली असते, बाळ रडलेलं असतं, बाहेर पेढे आलेले असतात. तरीही गर्भाशय सैल पडलं की रक्त वाहू लागतं, आणि ते पांघरुणाखाली वाहतं. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की जास्त, असं पुस्तकात आहे. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या पोरीला त्याहून कमीही झेपत नाही. पण मोजायचं कशात? बहुतेकींकडे जुन्या लुगड्याच्या घड्या असतात, आणि त्या दाखवायची लाज बाळंतिणीपेक्षा तिच्या आईला जास्त.

एका नाइटला असंच झालं. पोरगी शांत झोपलेली, बाळ अंगाशी, आई कामात. बीपी थोडं उतरलेलं, पण फार नाही. मी रजिस्टर भरायला बसणार, तेवढ्यात आमच्या आयाबाई मावशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, ती म्हातारी सारखी कपडे धुवू लागलीय." मावशींचं शिक्षण चौथीपर्यंतचं. मोजायची गोष्ट मोरीतून वाहून चालली आहे हे त्यांनी ओळखलं, आम्ही कुणी ओळखलं नव्हतं. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय हाताला लागेना, आणि खाली लघवीची पिशवी तट्ट फुगलेली. मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय नीट आकसत नाही. पोरीनं संध्याकाळपासून लघवीच केली नव्हती, कारण बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. कॅथेटर, पोट चोळणं, सलाइनमधून ऑक्सिटोसिन, डॉक्टरांना फोन, सगळं एकदमच झालं आणि रक्त थांबलं. कडीसाठीचा अर्ज त्याआधीच ऑफिसात पडून होता.

तेव्हापासून मी स्टुलावरचीचा हातच धरते आणि बाळंतिणीच्या पोटावर ठेवते. कपाळासारखं कडक लागलं तर ठीक, गालासारखं मऊ लागलं तर हाक मारा. आणि घडी धुवायच्या आधी मला दाखवा. आया-सासवांना यातलं पहिलं फार आवडतं. आपल्या हाती काही तपासायला दिलंय म्हटल्यावर त्या रात्रभर जागतात.

दुधाची लढाई वेगळी. बाळाला जन्मल्यापासून तासाभरात पाजायचं, हे भिंतीवर चित्रासकट लिहिलेलं असतं. स्टुलावरून उत्तर येतं, "तिला कुठं दूध आलंय अजून? नुसता चीक हाय." हा चीक पिवळसर, दाट आणि थोडासा येतो. थोडाच लागतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर मावतं. मी तोंडपाठ व्याख्यान द्यायचे, प्रतिकारशक्ती वगैरे, आणि समोरची मान डोलवून पिशवीतला मध काढायची. मग एक जुन्या सिस्टर, आता निवृत्त झाल्यात, त्यांनी शिकवलं. त्या विचारायच्या, "म्हैस व्याली की चिकाचं काय करता?" म्हातारी कौतुकानं सांगायची, खरवस, गल्लीभर वाटतो. "मग म्हशीचा वाटायचा आणि लेकीचा फेकायचा होय?" एवढ्यावर बाळ छातीला लागायचं. पुढे खाटेखालच्या पिशव्या तपासून पावडरीचा डबा आणि बाटली जप्त करणं, हा रोजचा भाग. बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्यानं बंदी आहे, आजीच्या पिशवीला नाही.

यातला एक प्रसंग मात्र मला अजून नीट पचलेला नाही. एकीला सिझरनंतर खरंच दूध उतरत नव्हतं, बाळ रडून निळं-जांभळं होत होतं. शेजारच्या खाटेवरची, तिसऱ्या खेपेची बाळंतीण, तिकडून म्हणाली, "आण इकडं, माझ्याकडं लई येतंय." स्टुलावरच्या आजीनं आधी मला खुणेनं बाजूला घेतलं आणि विचारलं, "कोणाची हाय ती?" कोणाची म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या बाईचं न तपासलेलं दूध बाळाला द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. दुधातून एचआयव्हीसारखा संसर्ग जाऊ शकतो. मला नाहीच म्हणायचं होतं. आजीलाही नाहीच म्हणायचं होतं. मी नियम सांगितला, आजी समाधानानं परत बसली, आणि त्या शेजारणीला वाटलं ते वाटलंच. तिच्या खाटेशी जाऊन मी नियमाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या सिस्टर, समजतंय."

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. तिथे दात्या मातेची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, गार करून, गोठवून ठेवतात. बाटलीवर आडनाव नसतं. आमच्यासारख्या उपजिल्हा रुग्णालयात अशी पेढी नाही. त्या बाळाला आम्ही दर दोन तासांनी आईच्या छातीला लावत राहिलो, मधल्या वेळात डॉक्टरांनी लिहून दिलेलं वाटी-चमच्यानं पाजलं, आणि दुसऱ्या संध्याकाळी आईला दूध उतरलं.

किरकोळ घबराटी तर रोजच्या. मुलीच्या दुपट्यावर चौथ्या दिवशी रक्ताचे दोन थेंब दिसले की अख्खा वॉर्ड गोळा होतो. आईच्या अंगातल्या संप्रेरकांचा तो उतार असतो, आपोआप थांबतो. त्याच कारणानं नवजात मुलाचीही छाती फुगते, दुधासारखा थेंब येतो. तो पिळून काढणाऱ्या आज्यांचे हात मात्र धरावेच लागतात, नाहीतर तिथे गळू होतं. दुसरी मुलगी झाली की "जेवून येते" म्हणून गेलेली बाई रात्रीपर्यंत येत नाही. तेव्हा त्या स्टुलावर मावशी बसतात. रजिस्टरमध्ये या नोंदीला रकाना नाही.

स्टूल आपल्या बाजूला आलं की काय होतं, तेही सांगते. १,८०० ग्रॅमचं बाळ, आई झटके येऊन गेलेली, तिला शुद्ध होती पण बाळ पोटाशी धरायची ताकद नव्हती. बाळाला ऊब हवी. कोलंबियात, बोगोटाच्या एका सरकारी रुग्णालयात इनक्युबेटर पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी १९७८ साली बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला आपण कांगारू केअर म्हणतो. आई नसेल तर घरातलं दुसरं कुणीही चालतं. सासू मध, घुटी, काजळ या प्रत्येक मुद्द्यावर माझ्याशी भांडलेली. तिलाच म्हटलं, चोळी सोडा, पदर घ्या, बाळ आत ठेवा. आधी ती लाजून लालबुंद झाली. मग बाळ तिच्या छातीशी स्थिरावलं, गार पडलेले पाय गरम झाले, आणि बाई हलायला तयार होईना. चहासुद्धा तिथेच. दुसऱ्या दिवसापासून तिनं वॉर्डाचा ताबा घेतला: "टोपडं घाला त्याला! पाय बघा, पाय!" पावडरीचा एक डबा तर तिनंच शोधून मला आणून दिला. बाळ घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट देतात. या घरभेटींची मुळं गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून केलेल्या कामात आहेत. या सासूबाईंच्या गावच्या आशाताईनं मला फोनवर सांगितलं, की त्या आता शेजारच्या बाळांचेही पाय तपासत फिरतात.

एका बाबतीत मात्र आम्हीच नमतो. सिझरची बाळंतीण पाचव्या रात्री अजून वॉर्डात असते, आणि पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. पाटा-वरवंटा नाही, दिवा लावू देत नाही, ऑक्सिजन आहे. पण कोरा कागद आणि लेखणी उशाशी हवीच. "सिस्टर, पेन द्या की जरा." नाइटची पेनं संपतात ती इथे. एकदा मी घाईत तापाच्या चार्टचा कागद उलटा करून दिला. आजीनं तो उलटसुलट पाहिला, मागची छापील अक्षरं दिसली, आणि परत माझ्या टेबलाशी आली. "ह्याच्यावर तर सगळं इंग्रजी छापलंय. सटवाई आमच्या गावची हाय. तिला नाही येत." ऑफिस बंद, कोरा कागद कपाटात, किल्ली क्लार्ककडे. शेवटी वॉर्डबॉय मामांनी नातवाच्या वहीचं पान फाडून आणलं, रेघांचं. रेघांचं चालेल का, यावर आजी आणि मामांची जरा चर्चा झाली. चालेल म्हणाली, ओळ वाकडी होणार नाही. मग मी चार नंबरचं बीपी घ्यायला गेले, आणि ते लिहायला लेबर रूममधून पेन मागून आणलं.