इटलीची काया, जपानचं काळीज

'कुठली गाडी तुमची?' या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागतात. 'प्रीमियर ११८ एनई' एवढ्यानं भागत नाही. 'म्हणजे पद्मिनीच ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. पेट्रोल पंपावरच्या तरुण मुलांना ती परदेशातून आणलेली वाटते, आणि तसं पाहिलं तर त्यांचं फारसं चुकत नाही.

गाडी मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, १९८५ पासूनची. घराणं मात्र इटलीचं. फियाट १२४ ही १९६७ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' होती. तीच पुढे रशियात लाडा झाली, स्पेनमध्ये सिआट झाली आणि आपल्याकडे ही झाली. इंजिन जपानी, निस्सानचं ए-१२, ११७१ सीसीचं. नावातलं 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. इटलीची काया, जपानचं काळीज आणि मुंबईचा पत्ता असा हा संसार.

हे इंजिन म्हणजे खरं सुख. कार्बोरेटर आणि पुशरॉडचं साधं यंत्र. बॉनेट उघडलं की कुठली वस्तू काय काम करते ते डोळ्यांना दिसतं. एक स्क्रू ड्रायव्हर, चार पाने आणि थोडा धीर असला की निम्मी दुरुस्ती अंगणात होते. गाडीचे खांब बारीक, काचा मोठ्या, त्यामुळे चारही कोपरे नजरेत राहतात. मागच्या चाकांवर ताकद असल्यानं घाटातल्या वळणावर ती जी मजा देते, ती आजच्या गुबगुबीत गाड्यांत मला सापडत नाही. (पॉवर स्टिअरिंग नाही. गाडी उभी असताना चाक वळवून बघा, व्यायामशाळेची फी वाचेल!)

आता दुःखं. लोकांना वाटतं, जुन्या गाडीचं इंजिन दगा देतं. तसं नसतं. ए-१२ जगभर खपलेलं असल्यानं त्याचे सुटे भाग आजही शोधले तर मिळतात. अडतं ते काचेवर, रबरावर आणि पत्र्यावर. दरवाजाचं बीडिंग, मागच्या दिव्याची काच, खिडकी वर करायचा दांडा या वस्तू फक्त याच गाडीच्या, आणि तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. पुण्याच्या जुन्या बाजारात मी कित्येक रविवार घालवले. समोरची काच एकदा मिळाली, तेव्हा गरज नसताना घेऊन ठेवली. ती आमच्या कपाटामागे गोधडीत गुंडाळून उभी आहे. त्या खोलीत झाडू मारताना घरात माझ्याबद्दल काय बोललं जातं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

अलीकडे दोन नव्या काळज्या आल्या आहेत. पहिली पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, मग चिरतात. गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि टाकी आतून गंजू लागते. नव्या गाड्यांतला संगणक इंधनाचं प्रमाण आपोआप सांभाळतो. कार्बोरेटरला ते कसं कळणार? त्यामुळे नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवायच्या, फिल्टर वरचेवर बदलायचा, जेट जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यायचा आणि दर आठवड्याला गाडी फिरवून आणायची. हे शेवटचं पथ्य मी फार मनापासून पाळतो.

दुसरी काळजी कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. त्याची केंद्रीय फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. धूर कमी व्हावा हा हेतू मला मान्य आहे. पण महिन्याला शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला रोज धावणाऱ्या गाडीचाच नियम लागतो, हे खटकतं. २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' गाड्यांना वेगळी नोंदणी दिली खरी, पण त्यासाठी वयाची अट ५० वर्षांची. म्हणजे पहिल्यावहिल्या ११८ एनईलासुद्धा २०३५ उजाडावं लागणार. राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या जातील, कारण त्यांच्यामागे पैसा आहे. मध्यमवर्गानं कर्ज काढून घेतलेल्या गाड्या मात्र याच मधल्या वर्षांत भंगारात जात आहेत. आपले रस्ते ज्यांनी भरले होते, त्या गाड्या पुढच्या पिढीनं फक्त जुन्या सिनेमात पाहायच्या का?

तोवर आम्ही मालक मंडळी एकमेकांना धरून आहोत. साताऱ्याच्या एका गृहस्थांकडे मागच्या दिव्याची जास्तीची काच आहे, माझ्याकडे डिस्ट्रिब्युटरची टोपी. फोनवर सौदा ठरला, पैशांचा विषयच निघाला नाही. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊनच जाणार आहे. खंबाटकीचा चढ आहे, तेव्हा ऊन व्हायच्या आत निघायचं.