जिवंत खांब

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेला सांगाडा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. तो पाहून हाडे म्हणजे वाळलेली, पांढरी, निर्जीव वस्तू असा समज होतो. घराला जसे खांब आणि तुळया, तशी शरीराला हाडे, असे आपण पाठही करतो. पण ही उपमा अर्धीच खरी आहे. घराचा खांब एकदा उभा केला की त्याला खाऊपिऊ घालावे लागत नाही. हाडाला मात्र जन्मभर रक्ताचा पुरवठा लागतो. तो तुटला तर काय होते, हे सातपुड्याच्या पायथ्याच्या अनेक कुटुंबांना अनुभवाने ठाऊक आहे.

२०६ ची मोजदाद

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांपैकी ८० हाडे शरीराच्या मध्य अक्षावर आहेत. कवटी व चेहरा मिळून २२, दोन्ही कानांत ६, जिभेच्या मुळाशी १, पाठीच्या कण्यात २६ आणि छातीच्या पिंजऱ्यात २५. उरलेली १२६ हाडे हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणारी होत. एका हाताच्या पंजात २७ आणि एका पावलात २६ हाडे असतात. म्हणजे शरीरातील निम्म्याहून अधिक हाडे दोन पंजे व दोन पावले यांतच सामावली आहेत! नवजात बालकात हाडांची संख्या याहून बरीच जास्त असते. वाढीच्या काळात त्यांतील काही एकमेकांस जुळतात. सर्वांत लहान हाड कानातील रिकिबीच्या आकाराचे, जेमतेम ३ मिलिमीटरचे. सर्वांत लांब हाड मांडीचे. त्याची लांबी आपल्या उंचीच्या सुमारे चौथा हिस्सा असते.

करून पाहा

कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलावे. आठवड्याभरात हाड रबरासारखे वाकू लागेल. आम्लाने त्यातील कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट तंतू तेवढे शिल्लक राहतात. उलट, शेगडीत पूर्ण जळालेल्या हाडातील तंतू नाहीसे होतात, क्षार राहतात आणि ते हाड बोटांनीही चुरते. क्षार दाब सोसतात, तंतू ताण सोसतात. सिमेंट आणि लोखंडी सळ्या यांच्या जोडीची येथे आठवण होईल.

सव्वाशे किलोंचा भार

आता थोडे गणित करू. ५० किलो वजनाचा विद्यार्थी एका पायावर उभा आहे. त्याच्या खुब्याच्या सांध्यावर किती भार येईल? ५० किलो हे उत्तर चूक आहे.

टेकलेला पाय सुमारे ८ किलोंचा धरला, तर सांध्यावर तोललेले वजन ४२ किलो. पण हे वजन सांध्याच्या नेमके वर नसून सुमारे १० सेंटिमीटर आतल्या बाजूस आहे. त्यामुळे धड आत कलंडू पाहते. ते सावरण्यासाठी खुब्याच्या बाहेरील स्नायू ओढ देतात. मात्र त्यांचे सांध्यापासूनचे अंतर अवघे ५ सेंटिमीटर. तरफेच्या नियमानुसार त्यांना दुप्पट, म्हणजे ८४ किलोंची ओढ द्यावी लागते. टेकूवर दोन्ही भार पडतात: ४२ अधिक ८४, म्हणजे १२६ किलो! शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावी डोक्यावर २० किलोंचा चाऱ्याचा भारा घेऊन चालणाऱ्या बाईचे वजनही ५० किलो धरले, तर प्रत्येक पावलागणिक हाच आकडा १८६ वर जातो. हे गणित ढोबळ असले, तरी त्याची दिशा अचूक आहे.

एवढा भार मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा पेलतो. तो भरीव नसतो. आत बारीक हाडपट्ट्यांची जाळी असते. इ. स. १८६६ च्या सुमारास झुरिक येथील कुलमान या अभियंत्याने शरीररचनाशास्त्रज्ञ फोन मायर यांची या जाळीची चित्रे पाहिली. यारीच्या वाकड्या दांड्यात ताण व दाब ज्या रेषांनी वाहतात, त्यांच्याशी त्या पट्ट्या जुळतात, हे त्याने ओळखले. हाड जिवंत असल्यामुळेच हे शक्य होते. त्यातील काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही गरजेच्या जागी नवे रचतात.

रक्ताचा कारखाना

जाळीच्या पोकळ्यांत तांबडी अस्थिमज्जा असते. प्रौढांत ती मुख्यत्वे मणके, कंबरेची हाडे, फासळ्या आणि छातीचे हाड यांत आढळते. तेथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मऊ व लवचिक असल्याने अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून निघून जाते.

नंदुरबार जिल्ह्यात, तसेच गडचिरोली व विदर्भाच्या इतर भागांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. पण तो त्यांच्यापुरताच नाही. हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या एका साखळीत सहावा दुवा बदलतो, एवढाच हा दोष. परंतु प्राणवायू सोडताच अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून ताठ तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात आणि लहान वाहिन्या तुंबवतात.

याचा पहिला आघात पुष्कळदा हाडांवरच होतो. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळाचे हातपाय सुजतात. मोठेपणी हाडांत असह्य कळा येतात. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या थोड्या व अरुंद असतात. त्या तुंबल्या की माथ्यातील पेशी मरतात, झीज भरून निघत नाही, आणि तो सव्वाशे किलोंचा भार जाळीला हळूहळू चिरडू लागतो. तरुण वयातच माणूस लंगडू लागतो. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, कारण मेलेल्या हाडातही कॅल्शियम तेवढेच असते. एमआरआय तपासणीत मात्र मज्जेतील बदल लवकर कळतो.

दुखऱ्या खुब्याच्या माणसाने काठी कोणत्या हातात धरावी? विरुद्ध बाजूच्या! सांध्यापासून ३० सेंटिमीटरवर काठीने ५ किलोंचा रेटा दिला, तर वरील गणितात सांध्यावरील भार १२६ वरून ९१ किलोंवर येतो. पडताळून पाहा.

दोन नाणी

हा विकार शाप नाही आणि संसर्गानेही पसरत नाही. आईवडिलांपैकी दोघांकडूनही दोष आला तरच मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक असते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघेही वाहक असतील, तर दोन नाणी उडवून पाहा. काटा म्हणजे दोष. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारांत एक. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढचे तीन सुटले, असे मात्र मानू नये. नाण्याला मागचा डाव आठवत नाही.

१ जुलै २०२३ रोजी देशात राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, कडक थंडी टाळावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सीयुरियाचे औषध नियमित घ्यावे. त्याने कळांचे झटके कमी होतात. वर्गातील एखादा मित्र वारंवार हाडे दुखतात म्हणून गैरहजर राहत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. शिक्षकांनी त्याच्या पालकांना तपासणी सुचवावी. आणि विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवालही पाहावा, हे आपल्या घरी विद्यार्थ्यांनीच सांगावे.