देवाच्या राज्याचे नागरिक

येशूच्या शिकवणीचा गाभा म्हणजे देवाचे राज्य. ते केवळ मरणानंतरचे नव्हे. भुकेल्याला घास आणि शत्रूला क्षमा मिळते तिथे ते आजच उगवते. फिलिप्पै या रोमन वसाहतीतल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषित पौलाने पत्र लिहून त्यांचे खरे नागरिकत्व स्वर्गातले असल्याची आठवण करून दिली. रोमन नागरिकत्व मिरवणाऱ्या गावात हे मोठेच धाडस होते!

मग मायभूमीचे काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याचे उत्तर जगून दिले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण टाकणे, हे त्यांना कधीच पटले नाही. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवले, देशप्रेमाच्या कविताही लिहिल्या. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही त्यात जागा होती. त्या काळी हे पाऊल फार मोठे होते.

दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये टिळक वारले. या माणसाचे रोजचे जगणे जाणून घ्यायचे, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र जरूर वाचावे.