दवाखान्याची पारख

ज्वारी घ्यावयाची झाली तर आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. वांगी किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्या भाजीवाल्याकडे जात नाही. पण दवाखान्याची पारख कशी करावयाची? स्वच्छ चादर, चकचकीत फरशी आणि डॉक्टरांचे आश्वासक बोलणे, एवढेच आपल्याला दिसते. सुई खरोखर निर्जंतुक आहे काय, पिशवीतील रक्त निर्दोष आहे काय, हे रुग्णाला डोळ्यांनी कळत नाही. आणि कळण्याची निकड असते तेव्हा तो पाहण्याच्या अवस्थेत नसतो. त्याच्या वतीने कोणी तरी जाणत्याने पाहावे लागते. हे पाहण्याची जी शिस्तबद्ध पद्धत जगात रूढ झाली आहे तिला मानांकन म्हणतात. तिची थोडी ओळख आज करून घेऊ.

त्यासाठी आपण चेन्नईला जाऊ. उपचारांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण या शहरात येतात. डोळ्यांना न दिसणारा धोका म्हणजे काय, याचा धडाही देशाला याच शहराने दिला आणि तो देण्यात एका मराठी घरातील डॉक्टरबाईंचा मोठा वाटा होता. चामड्याचा व्यापार करणाऱ्या गायतोंडे कुटुंबातील सुनीती लग्नानंतर सुनीती सॉलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. एड्स हा परदेशांचा रोग, तो आपल्याकडे कोठून येणार, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. १९८६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने शहरातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. सोय नव्हती म्हणून ते तिने स्वतःच्या घरच्या शीतकपाटात ठेवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि सहा नमुन्यांत एचआयव्हीचा संसर्ग आढळला. एकदा आलेल्या उत्तरावर विसंबावयाचे नाही, हा प्रयोगशाळेचा धर्म. म्हणून नमुने पुन्हा घेण्यात आले, अमेरिकेत वेगळ्या पद्धतीने तपासण्यात आले. उत्तर तेच आले.

हा विषाणू अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसू शकतो. अशा माणसाने सद्भावनेने दिलेले रक्तही दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते. रक्तदात्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून भागणार नाही, प्रत्येक पिशवी तपासावी लागेल, हे त्या सहा नमुन्यांनी सिद्ध केले. पुढे रक्ताची ही तपासणी सक्तीची झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना रक्तपेढ्या बंद करण्याचा आणि पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा थांबविण्याचा आदेश दिला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. परवाना किंवा नोंदणी ही कायद्याची गोष्ट आहे. तमिळनाडूत १९९७ चा कायदा आणि २०१८ चे नियम यांनुसार खाजगी दवाखान्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. आपल्या महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. नोंदणीने दवाखाना चालविण्याचा अधिकार मिळतो. मानांकन मात्र सामान्यतः स्वेच्छेने मागावयाचे असते. ‘आमचे काम तपासून पाहा,’ असे रुग्णालय स्वतः होऊन म्हणते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयात झाला. १९१७ मध्ये त्या संस्थेने रुग्णालयासाठी किमान अटी ठरविल्या. त्या सगळ्या एका पानावर मावत होत्या. पुढल्या वर्षी ६९२ मोठी रुग्णालये तपासली, तेव्हा अवघी ८९ त्या अटींना उतरली. नापासांत नामांकित संस्थाही होत्या. ती यादी बाहेर फुटू नये म्हणून न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली, असे सांगतात. नावलौकिक आणि निर्धोकपणा या दोन गोष्टी भिन्न आहेत, याची ती पहिली कबुली होती.

आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषद १९९७ मध्ये स्थापन झाली. पुढे तिच्याच अंतर्गत रुग्णालयांसाठी राष्ट्रीय मानांकन मंडळ निघाले. एनएबीएच ही पाटीवरची अक्षरे त्याचीच. चेन्नईचे १९८३ मध्ये सुरू झालेले अपोलो रुग्णालय २००६ मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कसोटीस उतरले. सरकारी रुग्णालयांसाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये स्वतंत्र मानके आणली. लहान दवाखाने, दंतवैद्य, नेत्रालये, रक्तपेढ्या यांच्यासाठीही राष्ट्रीय मंडळाची निराळी मानके आहेत.

मानांकन मिळते ते असे. राष्ट्रीय मंडळाच्या २०२० च्या आवृत्तीत रुग्णालयांसाठी १० प्रकरणे, १०० मानके आणि त्यांखाली ६५१ बारीक कलमे होती. रुग्णालयाने प्रथम या कलमांवर स्वतःचीच परीक्षा घ्यावयाची आणि नंतर अर्ज करावयाचा. मग परीक्षक येतात. त्यांत अनुभवी डॉक्टर, परिचारिका आणि व्यवस्थापक असतात. ते कागद पाहतात. पण कागदावर थांबत नाहीत. एखाद्या रुग्णाची वाट धरून ते दारापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत जातात. औषध देण्यापूर्वी परिचारिकेने रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटविली काय? खाटेचा क्रमांक ही खूण धरली जात नाही. कारण खाट बदलते. तीव्र पोटॅशियम क्लोराइडची कुपी साध्या मिठाच्या पाण्याच्या कुपीशेजारी ठेवलेली नाही ना? घाईत ती शिरेत गेली तर हृदय बंद पडते. आग लागली तर अतिदक्षता विभागातील रुग्णांना कोणी, कोणत्या वाटेने हलवावयाचे, हे रात्रपाळीच्या शिपायाला विचारले जाते.

आणखी एक कलम परगावच्या रुग्णाच्या जिव्हाळ्याचे आहे. शस्त्रक्रियेची संमती त्याला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे. सोलापूरच्या एखाद्या आजीबाई चेन्नईत दाखल झाल्या आणि तमिळ वा इंग्रजी कागदावर त्यांचा अंगठा घेतला, तर तो अंगठा उमटेल. पण संमती मिळाली असे होणार नाही.

ज्या उणिवा आढळतील त्या लेखी कळविल्या जातात. त्या दूर केल्याचा पुरावा दिल्यावर समिती निर्णय घेते. मिळालेले प्रमाणपत्र मुदतीचे असते. मध्यंतरी पुन्हा पाहणी होते आणि मुदत संपताच सारी परीक्षा नव्याने द्यावी लागते.

या साऱ्यात कठीण कलम कोणते, असे विचाराल तर ते चुकांच्या नोंदीचे. चुकीचे औषध हातात घेतले, पण देण्यापूर्वी ध्यानात आले, हेही परिचारिकेने लिहून ठेवावे अशी अपेक्षा असते. जेथे लिहिणाऱ्यालाच शिक्षा होते तेथे वही कोरी राहते. आणि कोरी वही पाहून जाणता परीक्षक समाधानी न होता सावध होतो. दोन कुप्या सारख्या दिसतात, ही गोष्ट एकीने लिहिली तर दुसरीच्या हातून होणारा घात टळतो.

मानांकनाने सारे साधते असे मात्र नाही. परीक्षक येणार म्हणून आठवडाभर हात धुवावयाचे आणि ते गेल्यावर विसरावयाचे, असेही घडू शकते. शिवाय या खटाटोपाला पैसा आणि माणसे लागतात. तालुक्याच्या गावी दहा खाटा चालविणाऱ्या डॉक्टराला तो भार जड वाटतो. म्हणूनच मंडळाने लहान रुग्णालयांसाठी प्राथमिक पायरीचे प्रमाणपत्र ठेवले आहे.

यात आपल्यालाही काही करता येण्याजोगे आहे. भिंतीवर प्रमाणपत्र असेल तर त्याची मुदत पाहावी. इंजेक्शनपूर्वी परिचारिकेने पुन्हा नाव विचारले तर वैतागू नये. ती आपलेच रक्षण करीत असते. आणि सही करण्यापूर्वी, ‘हे मला मराठीत समजावून सांगाल का?’ असे शांतपणे विचारावे.